खिडक्यांपर्यंत पाणी

मी एक जुनी, एकदा बुडून वाळलेली मोटार आहे. मित्रांनो, माझ्याजवळ येताना तुम्ही नाक मुरडले तरी मी रागावणार नाही. माझा वास मलाच सहन होत नाही. बादलीत विसरलेले फडके आठवडाभर कुजावे, तसा तो आहे. माझे मालक बारा वर्षे त्याच्याशी झुंजले.

शेवटच्या रविवारी तर ते केस वाळवायचे यंत्र घेऊन खाली आले. त्यांनी मागची सीट काढली आणि माझ्या तळावर गरम हवा मारायला सुरुवात केली. ते कवळ्या बनवण्याच्या कारखान्यात कामाला होते. बारीक कामाची सवय असल्यामुळे काडीला कापूस गुंडाळून ते प्रत्येक फटीतली बुरशी काढत होते. त्यांची मुलगी दोन दिवसांसाठी घरी आली होती. ती नाकाला बाही लावून शेजारी उभी होती.

"बाबा, शिसारी येते हो. भंगारात टाका ना हिला आता."

"टाकायची कशाला? मूर्खपणा मी केला, निस्तरायचाही मीच." ते हसले. "तो कापूस दे जरा इकडे."

तिने कापूस दिला. काही बोलायला तोंड उघडले. मला वाटले, आता तरी बोलेल.

"चहा टाकू का?" ती म्हणाली.

मित्रांनो, तो मूर्खपणा त्यांचा नव्हता. कसा, ते ऐका.

मी कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा आरशासारखी होते. पहिली चार वर्षे मी एका शिक्षिकेकडे सुखात काढली. मग एका पावसाळ्यात नदी आमच्या गल्लीत शिरली आणि मी तीन दिवस खिडक्यांपर्यंत पाण्यात उभी राहिले. त्या पाण्यात काय काय होते ते सांगत नाही. गावाची सगळी गटारे त्यातच उघडत होती, एवढे पुरे. शिक्षिकेने माझ्यावरची आशा सोडली आणि जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याने मला उचलले. दात कोरता कोरता त्याने तोंडातली काडी काढली, त्याच काडीने माझ्या वेगाच्या काट्याच्या चौकटीतला चिखल उकरला आणि काडी पुन्हा तोंडात घातली. वर लिंबाच्या वासाचा फवारा मारला. वास गेला नाही, लिंबू तेवढे नासले.

तिथे माझे मालक आले. आपला मुलूख सोडून या देशात येऊन त्यांना जेमतेम वर्ष झाले होते. "दुसऱ्यांच्या तोंडात दात बसवतो, पण माझ्या तोंडात यांची भाषा काही बसत नाही," असे ते म्हणायचे. संध्याकाळी भाषेच्या वर्गाला मात्र नेमाने जात. मुलगी तेव्हा चौदा वर्षांची होती. शाळेमुळे ती भाषा भराभर शिकली होती, म्हणून दुभाषी म्हणून तिला बरोबर आणले होते.

मालकांनी मला तासभर पाहिले. टायर दाबले, जमिनीवर आडवे होऊन खालून पाहिले, तेलाची पट्टी हुंगली. त्यांचा प्रत्येक प्रश्न मुलीने विचारायचा आणि प्रत्येक उत्तर तिनेच सांगायचे; मालक मान डोलावत ऐकायचे. शेवटी व्यापारी वैतागून तिला म्हणाला, "तुझ्या बापाला सांग, गाडी आहे ही. घोड्यासारखे दात काय मोजतोय?" आणि त्याने मालकांसारखी मान डोलावून दाखवली. टेबलामागचे त्याचे दोन नोकर फिदीफिदी हसले. मालकही हसले, कारण सगळे हसत होते.

"काय म्हणाला गं?"

"काही नाही. आटपा म्हणाला."

मग सहीचा कागद आला. गाडीचा पूर्वेतिहास कायद्याने लिहावाच लागतो, म्हणून तो बारीक अक्षरात खाली लिहिला होता. मालकांनी बरोबर त्याच ओळीवर बोट ठेवले. 'पाणी' हा शब्द ते कारखान्यातल्या नळावर रोज वाचत होते.

"इथे पाण्याचं काहीतरी लिहिलंय बघ. काय आहे?"

ओळ अशी होती: 'ही गाडी खिडक्यांपर्यंत पाण्यात होती.' मुलीने ती वाचली. नीट वाचली. आता हे सांगितले की बाबा पुन्हा आडवे होणार, पुन्हा मान डोलावणार, पुन्हा ते दोघे हसणार. तिचे कान लाल झाले होते.

"धुऊन दिलीय, असं लिहिलंय."

"मग चालेल," मालक म्हणाले आणि त्यांनी सही केली.

मित्रांनो, व्यापाऱ्याची मला किळस होतीच. त्या दिवशी त्या पोरीचीही आली. चौदा वर्षांच्या मुलीबद्दल असे वाटू नये, हे मला कळते. पण वाटले ते वाटले.

पहिल्याच थंडीत माझे सोंग उघडे पडले. काचा आपोआप खाली घसरू लागल्या. वळण घेतले की भोंगा वाजू लागला. मालकांनी गालिचा उचलला, तर खाली बोटभर काळा गाळ आणि त्यात एक वाळलेला मासा. गॅरेजवाल्याने कागद पाहून ती ओळ खुणांनी समजावून दिली.

"अहो, गाडी आणायला गेलात आणि तळं घेऊन आलात!" मालकीणबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या. "पोरगी होती ना बरोबर? तिला नाही विचारलंत?"

मुलगी दारातच उभी होती. मालकांनी तिच्याकडे एकदा पाहिले. तिला ती ओळ वाचता आली नसेल, असेच त्यांना वाटत होते.

"नाही विचारलं. घाईत सही ठोकून दिली," ते म्हणाले.

एकदा असे सांगितल्यावर त्यांना ते निभवावे लागले. घरात त्यांच्या हातात कुणी कागद राहू देईना. "तुमचं राहू द्या, पुन्हा तळं आणाल," म्हणून बायको हातातले पत्र काढून घेई. पाहुण्यांपुढे हा किस्सा रंगवून सांगितला जाई आणि सगळे हसत. मुलगीही हसे. ते हसू ऐकले की माझ्या तळाशी उरलेला गाळ मला परवडे. मालकांनी भाषेचा वर्ग सोडला. दवाखान्यात, बँकेत ते बायकोच्या मागे उभे राहू लागले. मी मात्र खोकत, ठेचकाळत बारा वर्षे त्यांना कामावर नेत राहिले. उतरताना ते माझ्या टपावर थाप मारीत. तेवढे कौतुक मला पुरे होते.

त्या रविवारनंतरच्या सोमवारी ते कामाच्या बाकावरच कोसळले. मी आवारात उभी होते. संध्याकाळी सगळ्या गाड्या गेल्या, मला न्यायला कुणी आले नाही.

अंत्यविधीहून परतताना मुलीचा मामा मला चालवत होता. शेजारी मुलगी, मागे मालकीणबाई. मामाने माझाच विषय काढला.

"भाऊजींसारखा माणूस मिळायचा नाही. पण भोळे! समोर पाणी म्हणून लिहिलंय, आणि हे खुशाल सही करून मोकळे."

मालकीणबाई रडता रडता हसल्या. "बिचारे. अरे, पोरगी शेजारी उभी होती. तिला एका शब्दाने तरी विचारायचं!"

मित्रांनो, माझ्यासारखीने शेवटी तेलपाण्याविषयी, निगेविषयी दोन शब्द सांगायचे असतात. मला आता निगा नको, उद्या भंगारात घाला. पण कुणी कागदावर बोट ठेवून, विश्वासाने तुम्हांला विचारले, की काय लिहिले आहे, तर लिहिले असेल तेच सांगा. त्या माणसाची कितीही लाज वाटत असली तरी सांगा.

"मामा, गाडी बाजूला घे," मुलगी म्हणाली.

वासाने तिला मळमळत असेल, असे वाटून मामाने मला घाईने रस्त्याकडेला थांबवले. पण ती उतरली नाही. आईकडे वळून बसली.

"त्यांनी विचारलं होतं, आई. त्याच ओळीवर बोट ठेवून मला विचारलं होतं. खिडक्यांपर्यंत पाणी, असं लिहिलेलं मी वाचलं होतं. मला तिथे त्यांची लाज वाटत होती, म्हणून मी खोटं सांगितलं. बाबा चुकले नव्हते."