बेंबी असलेली नौका

मित्रांनो, मी एक जुनी शिडाची नौका आहे, पण माझ्यावर आजवर एकही माणूस चढलेला नाही. चढणार तरी कसा? माझी लांबी हातभर, आणि माझ्या पोटात फार तर मूठभर तांदूळ मावतील. माझा जन्म जंगलात झाला नाही की किनाऱ्यावरही झाला नाही. एका पुठ्ठ्याच्या स्वस्त खोक्यात, प्लायवूडच्या पातळ तक्त्यात, आकडे घातलेल्या तुकड्यांच्या रूपात मी झोपले होते. सोबत दोऱ्याची गुंडी, रुमालाएवढी तीन शिडं आणि गोंदाची अर्धी सुकलेली नळी होती. खोक्यावर माझं चित्र होतं, डौलदार आणि नितळ. मला वाटे, आपण एक दिवस त्या चित्रासारख्या होऊ आणि कुणाच्या तरी काचेच्या कपाटात आयुष्यभर चमकत बसू.

तसं काहीच झालं नाही. झालं ते आठवलं की आजही माझ्या फळ्या शहारतात.

दूर पूर्वेकडच्या एका बेटावर, ताना बेरू गावाच्या किनाऱ्यावर, खांबांवर उभं असलेलं एक लाकडी घर आहे. तिथं संगकाला नावाचा जहाजं बांधणारा उस्ताद राहायचा. सारा गाव त्याला आदरानं पुआंग म्हणे. घरासमोरच्या वाळूत त्याचं शेवटचं मोठं जहाज अर्धवट उभं होतं. त्याचा कणा, म्हणजे तळाचं ते लांबलचक लाकूड, त्यानंच बसवलं होतं. पुढं त्याला अर्धांगाचा झटका आला. पाय सावरले, जीभ सावरली, पण उजवा हात थरथरायचा तो थांबेना. मग त्याच्या हाताखाली तयार झालेला बाद्दू जहाजाचं काम पुढं नेऊ लागला. पुआंग खिडकीशी बसून हातोड्यांचे आवाज ऐकत राही.

एक काम मात्र बाद्दूला करता येण्यासारखं नव्हतं. तिथली रीत अशी की जहाज पाण्यात जाण्याआधी त्याच्या कण्याच्या मधोमध गिरमिटानं बेंबी पाडायची. बेंबी पडली की जहाज जन्मलं. आणि ज्यानं कणा बसवला त्यानंच बेंबी पाडायची. हात हलला, भोक वाकडं गेलं किंवा आरपार झालं, तर तो फार मोठा अपशकुन. जहाजाच्या मालकानं निरोप पाठवला होता, "पुआंगला जमणार नसेल तर त्यानं आपल्या तोंडानं हक्क बाद्दूला द्यावा." तेवढं एक वाक्य बोललं की पुआंग कायमचा माजी उस्ताद होणार होता. तो ते बोलत नव्हता आणि उठतही नव्हता.

अशा घरात मला घेऊन आली त्याची मुलगी निस्मा. ती मकास्सर शहरात नोकरी करायची.

"तेत्ता, डॉक्टर म्हणाले, बोटांना बारीक काम द्या," खोकं बापाच्या पुढ्यात ठेवत ती म्हणाली.

"मग माझी भांडी घासू देत की," आतून तिची आई हालिया ओरडली. "बारीकही आहेत, ढीगभरही आहेत."

पुआंगनं खोकं उघडलं. माझा एक तुकडा नाकाशी नेऊन हुंगला. "कुठल्या झाडाचं लाकूड हे?"

"झाडाचं नाही, कारखान्याचं आहे."

त्यानं तोंड असं केलं की मला लाजेनं मेल्यासारखं झालं.

निस्मानं सूचनांचा कागद उलगडला. "आधी कणा. मग आकड्यांप्रमाणे या फासळ्या उभ्या करायच्या आणि त्यावर फळ्या चिकटवायच्या."

"आधी फासळ्या?" पुआंग ताठ बसला. "म्हणजे आधी सांगाडा उभा करायचा आणि मग त्याला कातडं चढवायचं? अगं, हे जहाज बांधणं झालं की बुजगावणं? जहाजाचा आकार फळ्या ठरवतात. फासळ्या मागून येतात, जावयासारख्या. जुळवून त्यांनी घ्यायचं."

"तेत्ता, कागदावर लिहिलंय तसं करा हो."

"बरं," तो म्हणाला. निस्मा मकास्सरला परतली, तसा त्यानं तो कागद घडी घालून डगमगणाऱ्या खुर्चीच्या पायाखाली सरकवला.

पहिला घाव लगेच बसला. त्यानं माझ्या कण्याची दोन्ही टोकं करवतीनं कापली. अजून जन्मही झाला नव्हता, तर मी दोन्हीकडून तोकडी! पुढचं टोक हालियानं त्याच्या सांगण्यावरून समुद्रात टाकलं. मागचं टोक तिनं घराच्या आढ्याला खोचलं, मोठ्या जहाजाच्या कण्याच्या तशाच एका तुकड्याशेजारी. पुढचं टोक म्हणजे समुद्रावर गेलेला पुरुष आणि मागचं म्हणजे घरात वाट पाहणारी बाई, असं तिथली माणसं मानतात. तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की मला कापतायत.

मग त्यानं खरोखरच फळ्या आधी लावल्या. थरथरत्या हातानं, फळीला फळी. एक चिकटवावी तर दुसरी सुटावी. गोंद त्याच्या दाढीला लागे. चिडून तो फळी भिरकावी, तोंड फिरवून बसे, आणि थोड्या वेळानं रांगत जाऊन तीच फळी शोधून आणी. होता होता मी उभी राहिले. पण काय ते रूप! उजवीकडं पोट सुटलेलं, नाक किंचित वर. कारखान्यातल्या फासळ्या आत घालायला गेला तर एकही बसेना.

"नको त्या," तो म्हणाला.

हालियानं त्या उचलल्या आणि चुलीत घातल्या. मित्रांनो, माझ्या डोळ्यांदेखत माझ्याच फासळ्यांवर भात शिजला! बाद्दू संध्याकाळी मोठ्या जहाजाखालचे लाकडाचे तुकडे घेऊन आला, त्यांतून पुआंगनं माझ्या नव्या फासळ्या कोरल्या. बाद्दू खाली मान घालून बसला होता.

"पुआंग, मालक रोज विचारतो. मी त्याला काय सांगू?"

"सांग, उस्ताद खेळण्याशी खेळतोय."

"मला ती बेंबी नको आहे, पुआंग. तुमच्या कण्याला मी भोक पाडू? माझा हात झडेल."

"तुझा झडेल, माझा हलतो. दोघांत मिळून एक धड हात होईना," पुआंग म्हणाला. कुणीच हसलं नाही.

निस्मा पुढच्या खेपेला आली आणि मला पाहून दारातच थांबली. एकदा खोक्यावरचं चित्र बघे, एकदा मला. "अम्मा, ही माझी नौका?"

"गरोदर आहे," हालिया शांतपणे म्हणाली. "बोलू नकोस तिला काही."

तेव्हा पुआंग झटका आल्यानंतर पहिल्यांदा हसला. त्या हसण्यासाठी मी माझं पोट आणखी सुटू दिलं असतं.

आता एक गोष्ट नीट ऐका. हालिया रोज दुपारी नारळ खोवायला बसे. खोवणीवर तिचा हात चाले खर्र खर्र आणि त्या ठेक्यावर ती गुणगुणे. वाळूवरून जहाज ओढताना म्हणायचं ते गाणं होतं.

सोड वाळू, धर पाणी,
झाडाच्या गं लेकी,
मागं माहेर हिरवं,
पुढं निळाई एकाकी.

ती गात असली की पुआंगचा हात तिच्या खोवणीमागं चालू लागे. थरथर जात नसे, पण ती ठेक्यात बसे. हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. हालियाच्या तर मुळीच नाही. ते फक्त मला जाणवत होतं, कारण त्याचं बोट माझ्या अंगावर होतं.

एका दुपारी त्यानं मला मांडीवर घेतलं. मला वाटलं, डोलकाठी बसवतोय. तर त्यानं गिरमिट काढलं. त्याचं टोक माझ्या कण्याच्या मधोमध टेकलं. ज्या माणसानं एवढ्या कष्टानं माझी एकेक फट बुजवली, तोच माझ्या तळाला भोक पाडायला निघाला होता! पहिल्यांदा टोक घसरलं, अंगभर ओरखडा उठला. त्यानं डोळे मिटले. आत खोवणी सुरू झाली. खर्र, खर्र. सोड वाळू, धर पाणी. गिरमिट पुन्हा टेकलं, फिरलं, आत शिरलं, आणखी फिरलं, आणि टचकन आरपार जाऊन त्याच्या मांडीत रुतलं.

मोठ्या जहाजाचा कणा माणसाच्या मांडीएवढा जाड असतो. तिथं बोटभर खोल गेलं की थांबायचं. माझा कणा म्हणजे पापडच की. त्याचा हात जुन्या सवयीनं बोटभर खोल गेला होता.

त्यानं मला वर उचललं आणि त्या भोकातून पलीकडं पाहिलं. भोकातून त्याला खिडकी दिसली, खिडकीतून जहाज.

"हालिया," तो म्हणाला. आवाज इतका खोल गेला होता की खोवणी आपोआप थांबली. "बाद्दूला बोलाव. त्याला म्हणावं, तूच कर."

ती हात पुसत आली. मांडीवरचं रक्त पाहिलं. मला उचललं, उजेडाकडं धरलं आणि बराच वेळ डोळा लावून बसली.

"दाएंग, हे भोक तुम्ही पाडलंत?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"मग काय उंदरानं पाडलं?"

"अहो, पण हे गोल आहे."

"काय?"

"गोल आहे, गोल! थरथरत्या हाताचं भोक असं असतं होय? ते लांबोळकं व्हायला हवं. बघा तरी."

त्यानं पाहिलं. करंगळीनं कड चाचपली. पुन्हा पाहिलं. त्याच्या डोळ्यांत जे आलं ते माझ्यावर टपकलं.

"पण आरपार गेलंय," तो पुटपुटला. "ही बुडणार."

हालियानं स्टूल ओढलं, त्यावर चढून आढ्यावरचा मोठ्या जहाजाच्या कण्याचा तुकडा खाली काढला आणि विळीवर धरून त्याची एक ढलपी सोलली.

"अगं ए!" पुआंग किंचाळला. "त्याला हात लावायचा नसतो! जहाज परत येईपर्यंत तो तसाच राहायला हवा!"

"घरात राहिलेला तुकडा बाईचा ना? मग माझा आहे. माझ्यातलं मी देते." तिनं ती ढलपी घासून गोल केली आणि माझ्या बेंबीत ठोकून बसवली. "आता बुडून दाखव म्हणावं हिला."

मी पुन्हा हादरले, पण हे हादरणं निराळं होतं. कारखान्याच्या प्लायवूडच्या पोटात आता खऱ्या जहाजाचं लाकूड होतं.

जहाज ओढायच्या दिवशी सगळा किनारा माणसांनी भरला. केळी, चिकट भात आणि नारळाच्या पाट्या मांडल्या होत्या. बायकांनी कण्याजवळ जायचं नसतं, म्हणून हालिया लांब झाडाखाली बसून दोर ओढणाऱ्यांसाठी नारळ खोवत होती. मी तिच्या शेजारी पाटीवर होते. बाद्दूला हक्क न देता पुआंग स्वतःच गिरमिट घेऊन जहाजाखाली वाकला. गिरमिट टेकलं आणि घसरलं. सगळा किनारा टाचा उंचावून बघत होता. हालियाही खोवणं सोडून बघत राहिली होती.

टोक पुन्हा घसरलं. मागून कुणीतरी म्हणालं, "पुआंग बेंबी पाडतोय की खाजवतोय?" एक दोघं हसले. मालकानं बाद्दूच्या खांद्यावर हात ठेवला.

हालिया, खोव! मी ओरडत होते. पण लाकडाचं ओरडणं कुणाला ऐकू जातं? तेवढ्यात वारा आला, माझी शिडं भरली, आणि मी पाटीवरून कलंडून तिच्या पायावर पडले. तिनं दचकून मला पाहिलं. माझी बेंबी वर आली होती. तिनं त्या बुजवलेल्या गोल भोकाकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं, मग आपल्या रिकाम्या हातांकडं. आणि तिला कळलं.

खर्र. खर्र. त्या शांततेत तो आवाज केवढा मोठा वाटला! लोक माना वळवून बघू लागले. "बाईला आत्ताच नारळ सुचला?" हालियानं तिकडं लक्षच दिलं नाही. ती मोठ्यानं गाऊ लागली. जहाजाखाली पुआंगचे खांदे सैल झालेले मला इथून दिसले. गिरमिट फिरू लागलं. बोटभर खोल गेलं. आणि जिथं थांबायचं तिथं थांबलं.

त्यानं भोकातला भुसा तळहातावर घेतला आणि बाद्दूच्या ओंजळीत दिला. बाद्दूची ओंजळ लटलट कापत होती.

"आता तुला काय झालं रे?" पुआंग म्हणाला. "माझं दुखणं लागलं की काय?"

सगळा किनारा हसला. बाद्दू मात्र रडत होता. मग दोर ताणले गेले आणि हालियाच्या तोंडचं गाणं शेकडो गळ्यांनी उचललं. जहाज पाण्यात गेलं.

निस्मा मला काचेच्या कपाटात ठेवायला न्यायला आली होती. "बेंबी पडलेली नौका कपाटात ठेवत नाहीत," पुआंग म्हणाला आणि त्यानं मला सरळ समुद्रात सोडलं. गार पाणी तळाला लागलं तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी उजवीकडं कलले, डुलले, आणि तरले. माझ्या पोटातली ढलपी पाणी पिऊन फुगली होती. आत एक थेंब आला नाही. मग त्यानंच मला पाण्यातून उचलून घरी आणलं.

आता मी आढ्यावर असते, त्या सोललेल्या तुकड्याशेजारी. माझी शिडं पिवळी पडली आहेत. पुआंग जाऊन बरीच वर्षं झाली. आणि परवा, मित्रांनो, मी पुन्हा हादरले. खाली हालिया खोवायला बसली होती, आणि या वेळी तिचे हात थरथरत होते. निम्मा नारळ जमिनीवर सांडत होता. निस्मा धावली. "अम्मा, सोड ते! दे इकडं, मी करते!" तिनं खोवणी ओढली. हालियानं ती सोडली नाही. सोडली नाही, पण मान खाली घातली. ती मान मी ओळखते. खिडकीशी बसलेल्या पुआंगची ती मान होती.

मी स्वस्त खोक्यातून आलेली, उजव्या अंगानं फुगलेली एक नौका. मी तुम्हाला काय शिकवणार? एवढंच मागते की थरथरणाऱ्या हातातून काम ओढून घेऊ नका. सांडेल थोडं, सांडू द्या.

निस्मानं वर पाहिलं. माझ्याकडं पाहिलं की काय, मला ठाऊक नाही. पण तिनं खोवणी सोडली, आईच्या शेजारी मांडी घालून बसली, आणि हलक्या आवाजात सुरुवात केली, "सोड वाळू, धर पाणी..."

खालून आवाज आला, खर्र. जरा थांबून पुन्हा, खर्र.