आक्काचं बियाणं

"बियाणं उकडून दिलंस का गं आक्का?"

भर गिरणीत, चार माणसांदेखत धाकटा असं बोलून गेला. दोनदा गहू पेरला, तरी शेत टकलं ते टकलंच. आक्का त्याची थोरली बहीण, कालव्यापलीकडे दिलेली; मूठ-मूठ निवडून तिनंच बियाणं दिलं होतं. ती रडली नाही की भांडली नाही.

"जिभेला काही हाड? घमेलंभर तुझ्या रानातली माती आणून दे, आणि नऊ दिवस गप्प बस."

तिच्या ओट्यावर दोन डबे ठेवले. एकात त्याची माती, एकात तिची. बियाणं तेच, पाणी तिच्याच विहिरीचं. पाचव्या दिवशी तिच्या डब्यात हिरवी टोकं निघाली. त्याचा डबा ढिम्म! वर नुसती पांढरी पापडी धरलेली. धाकट्यानं तांब्या उचलला.

"अरे, हेच करतोस रानात," आक्का म्हणाली. "उगवलं नाही की सोड कालव्याचं पाणी. तुझ्या रानात निचरा आहे का? पाणी उन्हानं उडतं आणि मीठ वर येऊन बसतं."

"पण ओल तर आहे की!"

"आहे ना. मीठ ती दाण्याला पिऊ देईल तेव्हा!"

नवव्या दिवशी त्यानं एक दाणा उकरला. जेमतेम फुगलेला, मोडाचा पत्ता नाही. बोट जिभेला लावलं. खारट. आता आपल्याला वाईट वाटेल म्हणून तो थांबला, पण काहीच वाटेना. डबा काखेत मारला आणि तो तडक गिरणीत गेला. आक्का दळण घेत होती.

"बियाणं चांगलं होतं. माती मीच बिघडवली."

गिरणीच्या घरघरीत कुणाला ऐकू जातंय!

"बंद कर ती गिरणी!" तो ओरडला. घरघर थांबली. माणसं बघायला लागली. त्यानं तेच पुन्हा सांगितलं, शब्द न् शब्द.

"एवढ्यासाठी गिरणी थांबवलीस?" गिरणीवाला म्हणाला.

"उद्या फावडं घेऊन येते," आक्का म्हणाली. "चर खणू. खारं पाणी उतरेल."

"मग यंदा उगवेल?"

"यंदा नाही रे. तो डबा रिकामा कर."

त्यानं माती बाहेर ओतली, सदऱ्यानं डबा पुसला. आक्कानं आपल्यातलं अर्धं पीठ त्यात घातलं.

"खारट लागेल गं."

"मग मीठ कमी घाल," आक्का म्हणाली.