सत्ताविसावी ओळ

सकाळचे साडेसहा वाजले होते आणि धाकटी ओट्यापाशी उभी राहून सासऱ्यांच्या गोळ्या दोन चमच्यांमध्ये धरून चुरत होती. अख्खी गोळी त्यांच्या घशाखाली उतरत नसे. एका शेगडीवर दूध, दुसरीवर थोरल्या भाऊजींच्या अंघोळीचं पाणी, आणि आतून जाऊबाईंची हाक, "धाकटे, माझा डबा झाला का गं?" झाला होता. या घरात सगळं झालेलंच असे. कसं होतं, हा प्रश्न पडायला कुणाला वेळ नव्हता.

फ्रिजच्या दारावर पंधरा दिवसांपासून एक कागद चिकटवलेला होता: बुधवार, सकाळी अकरा, मुलाखत. आज शनिवार होता.

हिला सगळे धाकटी म्हणत, कारण ती धाकट्या भावाची बायको. बायको होती, म्हणायला हवं. नवरा दोन दिवसांच्या तापात गेला त्याला तीन वर्षं झाली. त्याआधी, आणि सासरे आजारी पडायच्याही आधी, ती एका मोठ्या बांधकाम कंपनीत नियोजन विभागात होती. पूल किंवा इस्पितळ बांधायचं तर कोणतं काम कधी सुरू होणार, कोणतं कशासाठी थांबणार आणि कुठं उशीर झाला तर सगळंच लांबणार, हे आधी कागदावर मांडणं हे तिचं काम. बारा माणसांच्या त्या विभागात चूक सापडेना, की फाइल हिच्या टेबलावर येई.

मग सासऱ्यांना अर्धांगवायू झाला. "महिना-दोन महिने रजा काढ, पुढचं पुढं बघू," असं ठरलं. त्या दोन महिन्यांची सात वर्षं झाली. नवरा गेल्यावर जाऊबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं होतं, "तू कुठंही जायचं नाहीस. हे घर तुझंच आहे." वाक्य प्रेमाचंच होतं. त्याचा अर्थ हळूहळू कळत गेला: घर तुझं, म्हणून घरातलं सगळं तुझ्याकडे. त्या तुझ्या घराच्या चार किल्ल्या खिळ्यावर टांगलेल्या असत आणि त्यांतली एकही तिची नव्हती. कायम घरात असणाऱ्या बाईला किल्ली कशाला?

तुम्ही म्हणाल, छळ कुठं आहे यात? नाहीच. तिला कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, वाकडा शब्द बोललं नाही. म्हणून तर या प्रकाराला कुणी नाव ठेवत नाही आणि तो घरोघरी सुखानं नांदतो. नवरा गेलेली बाई घरात असली, की शेजारीपाजारी म्हणतात, "किती चांगली माणसं, सांभाळलं तिला." कोण कोणाला सांभाळतंय, ते बघायला आत कोण येतं?

ही तिची तिसरी मुलाखत. पहिलीच्या दिवशी भाऊजींच्या औषधाच्या दुकानात ऐन वेळी माल आला. दुसरीच्या दिवशी जाऊबाईंच्या शाळेत अचानक तपासणी लागली. दोन्ही वेळा सासऱ्यांजवळ बसायला कुणी नव्हतं आणि दोन्ही वेळा धाकटीनं पायातले बूट काढून पुन्हा ओट्याशी उभं राहणं पसंत केलं. पसंत केलं, हे आपलं म्हणायचं. यंदा तिचं बेचाळिसावं सरत होतं. चौथी मुलाखत येईल असं तिला वाटत नव्हतं, आणि ते बरोबरच होतं.

दुपारी सासऱ्यांचा डोळा लागल्यावर जेवणाच्या टेबलाशी सराव सुरू झाला. परीक्षक होती भाऊजींची मुलगी. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला, जिभेला हाड नाही, म्हणून घरात तिचं नाव मिरची.

"बसा," मिरची आवाज जाड करून म्हणाली. "सात वर्षं काय करत होतात?"

"घरीच होते."

"नापास. काकू, असं उत्तर दिलंस तर ते चहासुद्धा पाजणार नाहीत."

"मग काय सांगू?"

"ते तुझं तू बघ, मी परीक्षक आहे. तुझं ते वेळापत्रक दाखव."

नियोजनाचं सॉफ्टवेअर सात वर्षांत बदललं होतं. हात बसावा म्हणून धाकटीनं घरचाच दिवस त्यात मांडला होता. पूल कुठून आणायचा? गोळ्या चुरणं, सासऱ्यांना कुशीवर वळवणं, डबे, अंघोळ, कपडे, पुन्हा कुशीवर वळवणं, असं करत बुधवारच्या सत्तावीस ओळी झाल्या होत्या. एका कामावर दुसरं अवलंबून असेल तिथं पहिल्यापासून दुसऱ्याकडे बाण. जे लांबलं तर सगळा दिवस लांबतो, ते काम लाल. पडदा लालभडक दिसत होता.

मिरची बोट फिरवत खाली आली. "सगळ्यांतून बाण निघतोय. सत्तावीसमधून का नाही?"

सत्ताविसावी ओळ होती: मुलाखतीला जाणे.

धाकटी बघतच राहिली. नवशिके ही चूक करतात. एखादं काम यादीत घालतात आणि त्याच्या पुढचं जोडायला विसरतात. मग यंत्राला वाटतं, याच्यासाठी कुणीच थांबलेलं नाही. ते काम आज झालं नाही तर उद्या जातं, उद्याचं परवा. लाल होत नाही, तक्रार करत नाही, सरकत सरकत शेवटच्या दिवसाला जाऊन पडतं आणि कुणाच्या ध्यानातही येत नाही. ह्या चुकीवरून तिनं किती पोरांना झापलं होतं. आणि आता स्वतःच्या हातानं, स्वतःच्याच नावानं केली होती.

तिला एकदम फार थकल्यासारखं झालं. दोन मुलाखती का बुडाल्या, ते समोर लिहिलेलं होतं. तिच्या जाण्यावर या घरात कुणाचंच काही अडून नव्हतं. तिनं स्वतःही काही अडवून ठेवलं नव्हतं.

"जोड ना मग काहीतरी," मिरची म्हणाली.

"काय जोडू?"

"नोकरी."

"ती मिळाली कुठं अजून?"

"पूल बांधायच्या आधीच त्यावरून गाड्या जाणार असं लिहायचीस ना? तसंच."

धाकटीनं अठ्ठाविसावी ओळ घातली: कामावर रुजू होणे. एकोणतिसावी: बाबांजवळ दिवसा. त्या ओळीत 'कोण' असा रकाना होता, तो रिकामा राहिला. बाण ओढताच सत्ताविसावी ओळ लाल झाली.

"बुधवारी तुझे बाबा आले नाहीत तर?" ती पुटपुटली. या वेळी सासऱ्यांजवळ थांबायचं भाऊजींनी कबूल केलं होतं.

"मी थांबते की. प्रॅक्टिकल बुडवते."

"तू नाही," धाकटी म्हणाली. आवाज शांत होता, पण मिरची दचकली. "एका बाईला उठवायचं आणि तिच्या जागी दुसरी पोर बसवायची. मग बदललं काय?"

मंगळवारी जेवताना तिनं पुन्हा आठवण केली. भाऊजी हसले. "अगं, लक्षात आहे. साडेनऊला घरात हजर. आता काय अंगठा उठवून देऊ?" सगळे हसले. तीही हसली. भाऊजी मनानं वाईट नव्हते. त्यांना आपण येणार असं खरंच वाटत होतं.

बुधवारी पावणेनऊला घर रिकामं झालं. धाकटीनं सासऱ्यांना अंघोळ घालून चाकाच्या खुर्चीत बसवलं, केस विंचरले. स्वतः कपाटातला निळा कोट घातला. तो खांद्यात सैल झाला होता. साडेनऊ झाले. नऊ चाळीसला फोन वाजला.

"धाकटे, घोळ झाला बघ. दुकानातला माणूस आलाच नाही आज. तू असं कर, दुपारची वेळ मागून घे. सांग, घरात आजारी माणूस आहे म्हणून. समजून घेतील गं. तुझं काय, उद्यासुद्धा होईल."

फोन ठेवून ती स्टुलावर बसली. खरं सांगायचं तर तिला राग आला नाही. रागालाही अंगात थोडी ताकद लागते. हात सवयीनं बुटाच्या नाडीकडे गेला. तुझं काय, उद्यासुद्धा होईल. सत्ताविसावी ओळ सरकायला लागली होती, आणि ती सरकताना दिसत होती, एवढाच काय तो फरक.

सासरे तिच्याकडे बघत होते. तोंडाची एक बाजू पडलेली, पण डोळे साफ. "जा... तू," ते म्हणाले.

"तुम्हाला एकटं टाकून कशी जाऊ?"

त्यांनी मान खाली घातली. सात वर्षं कुणीतरी आपल्यापायी घरात अडकलंय, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण कळून करणार काय?

धाकटी उठली. गोळ्या, चमचा, नॅपकिन, ठसका लागू नये म्हणून पावडरीनं घट्ट केलेलं पाणी, एक कोरडा पायजमा पिशवीत भरला. वर वेळा लिहिलेला कागद ठेवला.

"बाबा, दुकानात जायचं?"

ते दुकान त्यांनीच काढलं होतं. पहिलं शटर त्यांच्या हातांनी वर गेलं होतं. सात वर्षांत तिथं त्यांना कुणी नेलं नव्हतं, कारण नेणारी कायम कामात. त्यांनी वर पाहिलं आणि मान हलवली. तिनं खिळ्यावरची एक किल्ली काढली, दाराला कुलूप लावलं आणि किल्ली कोटाच्या खिशात टाकली.

वीस मिनिटांचा रस्ता, एक चढ आणि रस्त्यात उकरलेला खड्डा. दुकानापुढं पाच गिऱ्हाइकं होती. भाऊजींच्या हातातली कात्री तशीच राहिली.

"बाबा? अगं, हे काय?"

"साडेबाराला गोळी, चुरून. पाणी चमच्यानं, घाई करायची नाही. एकला बाथरूमला न्यायचं. सगळं लिहिलंय. मी अडीचला येते."

"अगं, पण इथं? गिऱ्हाइकं आहेत, मी एकटा आहे."

"घरी मीही एकटीच असते, भाऊजी."

भाऊजींनी तोंड उघडलं, पण पाच माणसं ऐकत होती. तेवढ्यात त्यांतला एक म्हातारा पुढं झाला आणि खुर्चीपाशी वाकला. "मालक, किती वर्षांनी!" सासऱ्यांचा डावा हात वर उठला. धाकटीनं मागं वळून पाहिलं नाही. वळली असती तर कदाचित गेली नसती. समोर बस उभी होती.

मुलाखत घ्यायला तिघं होते. मधल्या बाईंनी विचारलं, "सात वर्षं काय केलंत?"

'कौटुंबिक अडचण' हे शब्द तिनं पाठ केले होते. ते ओठांवर आलेच नाहीत.

"एका माणसाची देखभाल. सात वर्षांत एक दिवस काम बंद नव्हतं. बदली माणूस कधी मिळाला नाही. पडून राहिल्यानं पाठीला जखमा होतात, तशी एकही होऊ दिली नाही."

कडेला बसलेले गृहस्थ लिहिता लिहिता थांबले. मग बाईंनी दोनशे ओळींचं एक वेळापत्रक पुढं सरकवलं. "यात एक चूक आहे. वीस मिनिटं घ्या."

चौथ्या मिनिटाला धाकटीनं बोट ठेवलं. "लिफ्टची तपासणी. हिच्यापुढं काहीच जोडलेलं नाही. ही सरकत राहील आणि इमारत उघडायच्या दिवसापर्यंत कुणाला पत्ता लागणार नाही."

"इतक्या लवकर कसं सापडलं?"

"सवय आहे," ती म्हणाली.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर भाऊजींची दुखरी कंबर बोलत होती. "चार तासांत कंबर मोडली माझी. बाथरूमला न्यायचं म्हणजे काय थट्टा आहे? दोन गिऱ्हाइकं परत गेली. लोक काय म्हणाले असतील?"

"काय म्हणाले?" मिरचीनं विचारलं.

भाऊजी घास चावत राहिले. "म्हणाले, वडील छान दिसतायत."

जाऊबाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "एक दिवस झालं, ठीक. पण रोज कसं जमायचं? सांग ना तूच."

"मला नाही माहीत, वहिनी. सात वर्षं मी एकटीच जमवत आले. आता सगळ्यांनी डोकं लावू. वाटलं तर दिवसाचा माणूस ठेवू, पण तो शोधायचा कुणी, तेही ठरवू."

मुलाखत कशी झाली, हे अजून कुणी विचारलं नव्हतं. विचारलं ते खुर्चीतून, अर्ध्या तोंडानं. "झालं... का?"

"सोमवारी दहाला परत बोलावलंय, बाबा. शेवटची फेरी."

ती उठली आणि फ्रिजवरचा जुना कागद काढून नवा लावला. सोमवारच्या ओळी, वेळा, आणि शेवटी रिकामा रकाना: कोण. शेजारी दोरीनं पेन बांधलं. "रविवारपर्यंत भरून ठेवा," म्हणाली, आणि हात धुऊन आपल्या खोलीत गेली. ताटं टेबलावरच राहिली. ती उचलली गेली नाहीत, ही त्या घरात सात वर्षांत पहिल्यांदा घडलेली गोष्ट होती.

वाचक हो, असा कागद आपल्याही घरात असतो. तो भिंतीवर लावलेला नसतो आणि त्यातला शेवटचा रकाना आपण कधी वाचलेला नसतो, इतकंच. वाचलाच, तर बहुतेक ओळींवर एकच नाव निघेल, आणि ते आपलं नसेल.

टेबलाशी सगळे त्या कागदाकडे बघत होते. मग सासऱ्यांनी मिरचीला खूण केली. तिनं खुर्ची फ्रिजपाशी नेली. त्यांनी डाव्या हातात पेन धरलं. सात वर्षांत त्यांनी काही लिहिलेलं नव्हतं. 'बाबांजवळ, सकाळी नऊ ते दोन' या ओळीपुढं एकेक अक्षर वेडंवाकडं उमटत गेलं: थोरला.

पेन त्यांनी खाली सोडलं नाही. खालच्या ओळी अजून रिकाम्या होत्या. दोरी ताणून ते त्यांनी मुलाच्या दिशेनं धरलं आणि तसेच थांबले. हात त्यांना फार वेळ वर धरता येत नसे, हे टेबलाशी बसलेल्या प्रत्येकाला दिसत होतं.