लाल तार कुठल्या हाताला

ईसीजी काढण्यात माझी चाळीस वर्षं गेली. शाळेला सुट्टी असली की नात दवाखान्यात येऊन माझ्या शेजारच्या स्टुलावर बसते. शंका फार काढते, म्हणून घरात तिचं नाव शंकासुर. मला असे विद्यार्थी आवडतात.

त्या सकाळी तिच्या आजीचा, म्हणजे माझ्या बायकोचा, नंबर होता. दुसऱ्या दिवशी गुडघ्याचं ऑपरेशन. तारीख मिळायला सहा महिने लागले होते, आणि ईसीजीत काही निघालं तर ती पुन्हा पुढे जाणार होती. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. वर्षभर ही जिन्याकडे नुसती बघत आली होती.

दुखरा पाय सांभाळत ती कशीबशी पलंगावर चढली आणि उशी पायथ्याकडे ओढून तिथेच आडवी झाली. मी तारा लावल्या. कागद सरकू लागला. हिचा मागच्या वर्षीचा कागद शेजारी उघडून मी शिकवायला घेतलं.

"ही छोटी टेकडी बघ. हृदयातल्या वरच्या दोन खोल्यांना विजेचा निरोप मिळाला."

"मग ही सपाट रेघ?"

"निरोप जिन्यात जरासा थांबलाय. वरच्यांना रक्त खाली ढकलायला वेळ नको?"

"आणि उंच सुळका म्हणजे खालच्या खोल्या."

"शाबास. शेवटची गोल टेकडी म्हणजे त्या पुढच्या ठोक्यासाठी तयार होतायत."

"जिन्याचं नाव नका काढू," ही पडल्या पडल्या म्हणाली, "कळ येते."

नवा कागद हातात घेतला. पहिल्या, म्हणजे दोन्ही हातांच्या ओळीत टेकडीच्या जागी खड्डा, सुळका तर सरळ खाली. परक्याचा कागद असता तर दोन मिनिटं शांतपणे बघितला असता. घरचं माणूस समोर असलं की शिकलेलं सगळं पाण्यात जातं. मी डॉक्टरांना बोलवायला उठलो.

"आजोबा, थांबा ना," नात म्हणाली. "छातीवरच्या सहा ओळी जुन्या कागदासारख्याच आहेत. हातांचीच ओळ का उलटी?"

मी थांबलो. तिने पलंगाकडे बघितलं.

"लाल तार उजव्या हाताला ना?"

"हो."

"तुम्ही नेहमी खिडकीकडच्या हाताला लावता. आजही तिकडेच लावलीत. पण आजी उलटीकडे डोकं करून झोपलीये."

हिने मान उचलून आपल्या मनगटांकडे बघितलं. "चाळीस वर्षं लोकांचे हात धरलेत, बायकोचा उजवा हात तेवढा सापडेना."

तारा बदलल्या. पुन्हा कागद काढला. पहिल्या ओळीत छोटी टेकडी, सुळका, गोल टेकडी, सगळं वर. डॉक्टर आल्या, दोनदा बघून त्यांनी सही केली. "उद्या सकाळी सात वाजता या, उपाशीपोटी."

"तो पहिला कागद फाडू?" नातीने विचारलं.

"नको. त्यावर 'हातांच्या तारा उलट' असं लिही आणि माझ्या फायलीत ठेव. पुढच्या विद्यार्थ्याला दाखवू."

"चूक कुणाची म्हणून सांगायचं?"

"माझी. आणि कुणी पकडली तेही सांगायचं."

पलंगावरून हिने हात पुढे केला. "शिकवणी झाली असेल तर उठवा आता. आणि हा उजवा बरं का."