लेकीचा आवाज

"मान हलवू नका मामा," म्हणत शिवकन्येनं सासऱ्याच्या दुसऱ्या कानात ऐकायची मशीन बसवली आणि ती त्यांच्या मोबाईलला जोडली. कानात बारीकसं काही वाजलं तसे प्रेमसिंग खाटेवर ताठ बसले.

"आता फोनचा आवाज थेट तुमच्या कानात येईल. बाजूच्याला काडीचं ऐकू जाणार न्हाई."

हे त्यांना खरं वाटेना. कान गेल्यापासून लेकीचा फोन आला की स्पीकर लावून खाटेवर ठेवायचा आणि अर्धा तांडा भोवती जमायचा, ही रीतच पडली होती. शेजारची भिकाबाई तर बापाच्या आधी बोलायची. औंढ्याकडच्या सासरहून मिना म्हणायची, बरी हाय. तिची आई असती तर तिनं आवाजावरून ओळखलं असतं, पण ती गेली. गेला महिनाभर मिना फोन लवकर ठेवत होती आणि म्हाताऱ्याच्या जिवाला घोर लागला होता.

फोन वाजला. भिकाबाई सवयीनं येऊन टेकली, मुलगा रणजीतही आला.

"बा, बरी हाय मी."

आवाज इतका जवळून आला की प्रेमसिंगनी मागं वळून पाहिलं.

"आज मलाच एकट्याला ऐकू येऊन राह्यलं बाई," ते म्हणाले. "बाकीचे नुसते तोंड बघून राह्यले."

भिकाबाईला ते लागलं, पण बया हलली नाही.

मग मिना हळू बोलली, "पोटातलं गेलं, बा. दुसऱ्यांदा. इथं एक दिवस कोणी निजू दिलं न्हाई. तांड्यात सांगू नको. मला घेऊन जा."

प्रेमसिंगनी खाटेची दोरी घट्ट धरली. लेकीचं बोलणं झाकलेलं होतं, त्यांचं मात्र सगळ्यांना ऐकू जाणार होतं. ते खाकरले.

"व्हय. हळदीच्या कामाला माणसं कमी पडून राह्यले. सकाळीच न्यायला येतो. तुझ्या सासऱ्याला मी बोलतो."

"बराबर, बा," मिना म्हणाली. ती रडत होती.

फोन बंद झाल्यावर रणजीत म्हणाला, "कोणती हळद? आपली तर मागच्या आठवड्यातच हिंगोलीच्या मोंढ्यात विकली."

प्रेमसिंग कानातली मशीन चाचपू लागले. शिवकन्या त्यांच्या तोंडाकडं पाहत होती.

"बेणं निवडायचं हाय ना," ती नवऱ्याला म्हणाली. "मीच म्हटलं मामाला, मिनाताईला बोलवा."

पुढच्या लागवडीचं बेणं तिनं चार दिवसांपूर्वीच निवडून पोत्यात भरलं होतं. कोपऱ्यातली ती पोती प्रेमसिंगनीच मोजली होती.

भिकाबाई उठून गेल्यावर शिवकन्या रणजीतला सहज म्हणाली, "बाजारातून पावशेर डिंक अन् खारीक आणा."

डिंकाचे लाडू तांड्यात बाळंतिणीला देतात, तसे पोटातलं गेलेल्या बाईलाही. होळीला माहेरी आलेल्या मिनाच्या उलट्या या सुनेनंच पाहिल्या होत्या.

ती आत वळली तेव्हा प्रेमसिंग खाटेवरून उठले होते. त्यांनी सुनेला दोन्ही हात जोडले.