चार नंबरचा बुश

"शहर सोडून माझ्याकडेच बरा आणलात?" लेथवर सुटे भाग कातणाऱ्या टर्नरने झिजलेला बुश, दांड्यावर बसणारं ते धातूचं नळकांडं, उजेडात धरला.

"शहरात आठ दिवस लागतात, मास्तर. तोवर टेकडीवरचा चार नंबरचा पंखा बंद," पवनचक्क्यांचा मेकॅनिक म्हणाला.

टर्नरचा विश्वास बसला नाही. तसा तो कशावरच पटकन बसत नसे. पण टेकडीवर पवनचक्क्या उभ्या राहिल्यापासून वीजबिलात 'पवन आकार' नावाची नवी ओळ आली होती आणि ती दर बिलाला फुगत होती. मोठ्या कारखान्यांना त्यात सूट होती म्हणे. वारा फुकटचा, मग त्याचं बिल आपल्याला का, हे त्याला कोणी नीट समजावलं नव्हतं. तीन लेथपैकी दोन विकून झाले होते. तिसरा उद्या जायचा होता.

लेथ सुरू करण्याआधी तो बाहेर गेला, दुकानाचा मीटर पाहिला आणि आकडा खडूने दारावर लिहिला. काम संपलं की पुन्हा लिहायचा. सगळं दार आकड्यांनी भरलं होतं.

"हे कशाला?"

"तुमच्यावर लक्ष ठेवायला."

"मी नुसते बोल्ट आवळतो हो."

"स्वभावाला औषध नाही," मागच्या खोलीतून बायको म्हणाली. "चहातली साखरसुद्धा मोजतात."

लेथ फिरू लागला. नवा बुश केसभर ढिला ठेवला, तर चार नंबर महिन्याभरात पुन्हा बंद पडेल आणि कोणाला कळणारही नाही. विचार गोड होता. टर्नरने शेवटचा पातळ काप घेतला, व्हर्नियर लावून माप पाहिलं, पुन्हा पाहिलं. माप तंतोतंत उतरलं होतं. हाताला लबाडी जमत नाही, याचा त्याला रागच आला.

मेकॅनिकने घासाघीस न करता पैसे दिले, तेव्हा टर्नरने नोटाही उजेडात धरून पाहिल्या.

"पुढच्या वेळीही इथेच येईन, मास्तर."

"पुढच्या वेळी इथे लेथ नसेल."

मेकॅनिकने बुश रुमालात नीट गुंडाळून नेला.

संध्याकाळी चार नंबर फिरू लागला. "फिरला की हो," बायको म्हणाली.

"फिरणारच," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी लेथ टेम्पोत चढला. फरशीत बोल्टची चार भोकं तेवढी उरली. दिवस मावळताना टर्नर सवयीने बाहेर गेला, मीटर पाहिला आणि दारावर आकडा लिहिला. कालचाच होता. तो पुन्हा एकदा जाऊन पाहून आला.