हारूनचा हात

"अजून जोरात दाब," मालिशच्या टेबलावरून केल्ड म्हणाला.

हारूनने अंगठा त्याच्या गुडघ्याच्या वाटीखाली आणखी रुतवला. अंगठा रुतलेला त्याला दिसला, तेवढंच. बोटाला जाणवलं काहीच नाही. टेबलाच्या पायथ्याशी कोच उभा होता, शेजारी फुटबॉल क्लबचा इजिप्शियन डॉक्टर यूसुफ, आणि दोघंही गुडघा सोडून हारूनच्या तोंडाकडे बघत होते.

ही क्लबची जुनी खोड. बावीस वर्षांपूर्वी हारून रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावातून कुवेतला आला तो खेळाडूंचे टॉवेल धुवायला. बघता बघता मालिश शिकला. एकदा एका खेळाडूची पोटरी चाचपून त्याने सहज म्हटलं, याला उद्या उतरवू नका. डॉक्टरांनी तपासलं तर आत स्नायू फाटलेला. तेव्हापासून हारूनचं बोलणं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. कोच आले आणि गेले, पण जाणारा प्रत्येक जण येणाऱ्याला सांगून गेला, आधी हारूनला विचार.

गेलं वर्षभर मात्र ही रेघ पाण्यावर ओढली जात होती. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर झाली होती, आणि आता डावीही त्याच वाटेला लागली होती. खैतानच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मनगटातली नस दबलीय, मालिशचं काम बंद करा. सांगायला त्यांचं काय जातं? काम गेलं की इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना गेला, आणि इकामा गेला की खैतानची खोली सोडून परत खाडीकाठी. पन्नाशीच्या माणसाने तिथे जाऊन काय करायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी हारूनने मूठ झाकून ठेवली. सकाळी त्याच्या शर्टाची बटणं बायको, नूरी, लावून द्यायची.

"क्लबात कोणाला सांगितलाव की नाय?" ती रोज विचारायची.

"सांगीन गं," असं तोही रोज म्हणायचा.

सांगायची वेळ आज होती. यूसुफचं म्हणणं पडलं की आत फाटलंय की नाही हे स्कॅनशिवाय कळणार नाही, आणि स्कॅन रविवारी. सामना शुक्रवारी. तो बघायला डेन्मार्कच्या राष्ट्रीय संघाचा एक माणूस मुद्दाम विमानाने येणार होता. केल्ड नव्वद मिनिटं नीट खेळला तर पुढच्या महिन्याच्या संघात त्याचं नाव, नाहीतर चौतिसाव्या वर्षी त्याला पुन्हा कोण विचारतंय?

केल्डची सगळी कारकीर्द हारूनला या टेबलावर ऐकून पाठ झाली होती. तो डेन्मार्कमधल्या एका कोळ्याचा मुलगा. सतराव्या वर्षी बचावफळीत उभा राहिला तो तिथेच राहिला. जर्मनीत सहा वर्षं, इंग्लंडमध्ये दोन, त्यातलं दीड बाकावर बसून, मग तुर्कस्तान आणि शेवटी इथे. बचाव करणाऱ्याचं नशीब असं, की नव्वद मिनिटं गोल अडवले तर कोणी नाव घेत नाही आणि एक सुटला की जन्मभर सोडत नाही. देशासाठी तो एकोणपन्नास सामने खेळला होता. प्रत्येकाची तारीख त्याच्या म्हाताऱ्या बापाने होडीच्या आतल्या फळीवर कोरली होती. केल्ड हसत सांगायचा की फळीवर एकाच तारखेची जागा उरलीय. हसायचा, पण त्याला ती जागा भरायची होती. हारूनलाही ते मनापासून हवं होतं. शर्कच्या मासळीबाजारात दोघं शुक्रवारी सकाळी जायचे, आणि मासा ताजा की शिळा यावर हारूनशी बरोबरीने हुज्जत घालणारा गोरा त्याने दुसरा पाहिला नव्हता.

"हारून?" कोचने विचारलं.

हारूनने पंजा उलटा करून गुडघ्यावर ठेवला. हाताच्या पाठीला अजून कळत होतं. गुडघा ऊन लागला. पण इतका वेळ चोळल्यावर ऊन लागणारच, असं त्याने स्वतःला समजावलं. केल्ड छताकडे बघत होता. त्याने रोज गोळ्या खाऊन दुखणं दाबून ठेवलंय हे हारूनला ठाऊक नव्हतं. मला कळत नाही, एवढे तीन शब्द बोलायचे होते.

"मिया मिया," हारून म्हणाला. शंभर टक्के.

शुक्रवारी एकाहत्तराव्या मिनिटाला केल्ड मागे सरकत वळला आणि पडला. कोणी धक्का दिला नव्हता, जवळपास कोणी नव्हतंही. हारून पिशवी घेऊन धावला. केल्ड दोन्ही हातांनी गुडघा धरून होता आणि ओरडत नव्हता, म्हणून हारून जास्त घाबरला. स्कॅनमध्ये निघालं की आतला अस्थिबंध दोन-तीन आठवड्यांपासून अर्धा फाटलेला होता, उरलेला अर्धा त्या क्षणी गेला. खेळणं संपलं.

दहा दिवसांनी केल्ड कुबड्यांवर निरोप घ्यायला आला. खोलीत दोघंच होते. टेबलाच्या कडेला टेकून तो म्हणाला, "तुला कळलं होतं. तरी तू हो म्हणालास. सतरा वर्षं सगळे मला थांब म्हणत आले. मला जे हवं होतं ते देणारा तू एकटा."

हारूनला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मला काही कळलं नव्हतं," तो म्हणाला. "माझी बोटं मेलीत. वर्ष झालं."

केल्ड हसला. "कोचने विचारलं तर हेच सांग," तो म्हणाला. "मी कोणाला बोलणार नाही."

हारूनने पंजा पुढे केला, हवं तर टाचणी टोचून बघ म्हणायला. केल्डने तो निरोपाचा समजून दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ दाबला. हारून नुसता बघत उभा राहिला.

तसाच तो वर मॅनेजरकडे गेला. हा कुवेती मॅनेजर माणूस भला. त्याने चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला की केल्डने स्वतः लिहून दिलंय, दुखणं त्याने लपवलं, गोळ्या घेतल्या. दुसऱ्याचा दोष अंगावर घ्यायचा तुझा स्वभावच आहे, हारून. या गोऱ्याचा तुला लळा होता, दोन दिवस रजा घे. पोटतिडकीने सांगितलेलं खरं कोणी खोट्यात काढलं तर भांडता तरी येतं. चांगुलपणात काढलं तर माणसाने जावं कुठे? रजा नको म्हणून हारून खाली आला.

टेबलावर केल्डच्या जागी आलेला जॉर्डनचा नवा बचावपटू पालथा पडला होता. मांडीत काही धरलंय का बघ, तो म्हणाला. हारूनने हात धुतले, पुसले आणि टेबलाशी न जाता भिंतीजवळच्या खुर्चीवर बसला.

"डॉक्टर यूसुफ येऊ दे," तो म्हणाला.

नव्या खेळाडूने मान वळवून बघितलं. केल्डबद्दल क्लबातल्यांनी त्याला सगळं सांगितलं होतं. म्हाताऱ्याचं दुःख अजून ताजं आहे असं समजून तो डॉक्टर येईपर्यंत आदराने तसाच पडून राहिला.